बेणारेबाईंचं स्वगत

बेणारेबाईंचं स्वगत मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेत. माझ्या आधीच्या मुलीनं तेच म्हटलं, मग मी म्हटलं, माझ्यानंतरही कुणीतरी म्हटलंच. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधला तो उतारा म्हणजे आम्हा मुलींचं हुकमी पान. आवाज चढवायचा, गुडघ्यांवर बसायचं, डोळ्यांत पाणी आणायचं.

सुलभा देशपांडे यांना ते बोलताना पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, सत्यदेव दुबे यांच्या १९७१च्या चित्रपटात. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. मूळ नाटक ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं १९६७ साली केलेलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, म्हणजे सुलभाताईंच्या यजमानांचं. हे स्वगत नाटककार विजय तेंडुलकरांच्या मनात मुळात नव्हतंच. अरविंदरावांनी हट्टानं लिहून घेतलं. तेंडुलकरांचं न लिहिणंही मला समजतं. जिला खटल्यात कुणी बोलू दिलं नाही, ती शेवटी एवढं बोलेल कशी?

पण प्रसंग नीट पाहा. वेळ घालवायला म्हणून मांडलेला अभिरूप खटला बघता बघता खरा होतो. बाईंच्या पर्समधून टिक-ट्वेंटी या ढेकणांच्या विषाची बाटली निघते. त्या निघून जायला दाराशी जातात, तर कडी बाहेरून लागलेली. मग न्यायाधीश त्यांना बाजू मांडायला दहा सेकंद देतात. त्या बोलतात आणि बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. मंचावरच्या एकाही माणसाला त्यातला एक शब्दही ऐकू जात नाही. कोर्टाच्या लेखी बेणारे गप्पच राहिली आहे.

सुलभाताईंनी नेमकं हेच धरलं, असं मला वाटतं. त्या कुणाला पटवायला जात नाहीत, दयाही मागत नाहीत. आम्ही सगळ्याजणी परीक्षकांकडे बघून बोलत होतो. त्या मात्र, आपलं कुणी ऐकत नाही हे पुरतं कळलेल्या बाईसारख्या बोलतात. म्हणून ते इतकं लागतं.

बेणारे शाळेत शिकवते. सुलभाताईही शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत. त्याच शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं १९७४पासून नाटकं सुरू केली आणि ‘छबिलदास’ हे एका चळवळीचं नाव झालं. या इतिहासात ‘चंद्रशाला’ मागं पडते, याची मला खंत आहे. ‘आविष्कार’ची ही मुलांची शाखा सुलभाताईंनी वाढवली. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचंच नृत्यनाट्य. मुलांना मंचावर उभं करायचं तर आधी त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, हे रोज वर्गावर जाणाऱ्या मला कुणी वेगळं सांगायला नको.

सिनेमात सुलभाताईंच्या वाट्याला मग आयाच जास्त आल्या. ‘भूमिका’मधली उषाची आई कठोर; लेकीचं मन तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘चौकट राजा’मधली नंदूची आई अगदी दुसऱ्या टोकाची. दिलीप प्रभावळकरांचा नंदू अडखळत, तुटक बोलतो. आणि ही बाई त्याचा तुटका शब्दही पुरता झेलते. तो पडद्यावर असताना मी कितीदा तरी तिच्याकडेच बघत राहिले आहे. मान किंचित पुढे, नजर त्याच्या ओठांवर, हात मध्येच थबकलेला. संवाद नसताना एवढं काम करणं सोपं नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) आला तेव्हा नव्या प्रेक्षकांना त्या प्रेमळ सासू म्हणून कळल्या. ठीकच आहे, पण त्या सासूच्या पाठीशी बेणारे उभी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

जून २०१६मध्ये सुलभाताई गेल्या. शाळेत त्या दिवशी मी नववीच्या मुलींना त्यांच्याबद्दल सांगत बसले. धडा राहून गेला.

मुली अजूनही स्पर्धेला बेणारे निवडतात. मी त्यांना एकटीनं सराव करू देत नाही. वर्गातल्या सात-आठ जणींना खुर्च्यांवर बसवते आणि बजावते, ही काहीही बोलली तरी तुम्ही हलायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. पहिल्या दिवशी बोलणारी मुलगी चिडते. ‘बाई, या ऐकतच नाहीयेत,’ म्हणते. मी म्हणते, आता सुरुवातीपासून घे.