सांगितलेलं आणि ऐकलेलं

गेल्या पावसाळ्यापासून बारीक वायरींना फेरूल बसवायचं काम मी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीवर सोपवलं आहे. ०.२५ स्क्वेअर एमएमची वायर माझ्या बोटांना अजून कळते, पण तिचे सुटे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. एखादा तंतू फेरूलबाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला की काय होतं, ते या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. मुलगी आयटीआय झालेली आहे, हात स्वच्छ आहे आणि तिला एक सवय आहे. मी वर्षानुवर्षं न बोलता जे करत आलो, त्याचं कारण ती विचारते. त्या विचारण्यातूनच हे लिहिणं निघालं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅनेल बांधण्यात माझं आयुष्य गेलं. आधी फौंड्रीची आणि लेथची मोठी पॅनेलं केली. आता जास्त काम येतं ते लहान सीएनसी राउटरचं, म्हणजे सुतार, साइनबोर्डवाले आणि स्वतःच्या शेडमध्ये मशीन उभं करणारे हौशी यांचं. त्यांना मोठ्या कंपनीचा कंट्रोलर परवडत नाही. ते तळहाताएवढं बोर्ड घेऊन येतात. त्यात बहुधा जीआरबीएल हे सॉफ्टवेअर असतं, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने २००९ मध्ये लिहून सगळ्यांसाठी मोकळं केलेलं. एवढ्याशा चिपवर तीन अक्ष एकावेळी चालवण्याची ती करामत मला आजही थोर वाटते.

माझं पॅनेल उघडलं की लोक बघत राहतात, आणि ते मला आवडतं. डक्टमधून निघालेली प्रत्येक वायर एकाच वळणाने टर्मिनलला यावी, नंबर एकाच दिशेने वाचता यावेत, मोटरच्या केबली एका बाजूला आणि सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला असाव्यात. गिऱ्हाइकाला मशीन दाखवण्याआधी मी पॅनेलचं दार उघडून दाखवतो. हा गर्व आहे, हे मला ठाऊक आहे. तो सोडावा असं कधी वाटलं नाही.

पण गेले काही महिने माझं डोकं ज्यात अडकलं आहे, ते दार उघडून दिसत नाही.

देव्हारे आणि चौकटी कोरणारे एक सुतार माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचं जुनं बोर्ड गेलं आणि त्यांनी नवं, ईएसपी३२ चिपचं आणलं. मी वायरिंग केलं, मशीन चाललं. थोड्याच दिवसांत फोन आला, "मिस्त्री, झेड खाली बसतोय. गणपतीचं किरीट बरोबर येतं, सोंडेपर्यंत येईतो सगळं खोल जातंय." मी कपलिंग पाहिलं, बॉलस्क्रूचं बेअरिंग पाहिलं, करंट वाढवून पाहिला, वेग कमी केला. स्पिंडलचा व्हीएफडी शेजारीच होता, त्याची केबल लांब नेली. एक्स आणि वाय बिनचूक, झेड तेवढा सरकायचा. तेही कधी जास्त, कधी कमी, आणि दुपारी शेड तापली की हमखास.

सरकणं एकाच दिशेला होतं, ही खरी खूण. स्टेपर दमून स्टेप सोडतो तेव्हा आवाज येतो, मोटर गुरगुरते, जॉबवर पायरी दिसते. इथे आवाज नाही, पायरी नाही. केसाच्या जाडीहून कमी, पण सतत.

कोरीव कामात झेड, म्हणजे वरखाली जाणारा अक्ष, काय करतो ते पाहा. ३०० मिमी रुंदीच्या फळीवर अर्ध्या मिमीच्या अंतराने ६०० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत नक्षीचे वीसेक उंचसखल भाग धरले, तर झेड बारा हजार वेळा खाली जाऊन वर येतो. एक्स आणि वाय तेवढ्या वेळात किती वेळा उलटे फिरतात? त्याच्या जवळपासही नाही. म्हणजे दोष चालण्यात नसून उलटण्यात होता.

मोटर फिरवणाऱ्या ड्राइव्हला आपण दोन गोष्टी सांगतो, पल्स आणि दिशा. बैल वळवताना आधी कासरा ओढायचा आणि मग हाकायचं, तसं इथे दिशा आधी पोचायला हवी आणि पल्स मागून. डीएम५४२ जातीच्या ड्राइव्हला दिशा पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी लागते. जीआरबीएल मात्र दिशेची पिन बदलतं आणि चिपच्या काही सूचनांच्या आत, एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात, पल्स सोडतं. मग दिशा पोचण्याआधी ड्राइव्ह पल्स मोजतो आणि एक पाऊल जुन्या दिशेला टाकतो. एक मागे जायचं ते एक पुढे गेलं, म्हणून फरक दोन पावलांचा.

दोन्हीकडे उलटताना असंच झालं असतं, तर फरक फिटला असता. पण ड्राइव्हच्या दारातला ऑप्टोकपलर पेटतो चटकन आणि विझतो सावकाश. त्यामुळे एका बाजूचं वळण वेळेत पोचतं, दुसरं उशिरा. उशीरही काठावरचा, म्हणून चूक दर वेळी होत नाही, शंभरात एखादवेळी होते. तापलं की ऑप्टोचा काल थोडा बदलतो, म्हणून दुपारी जास्त. १६०० स्टेपला एक फेरा आणि ५ मिमी पिचचा स्क्रू असेल, तर दोन पावलं म्हणजे ०.००६२५ मिमी. बारा हजारांत शंभरामागे एक धरा, १२० चुका. पाऊण मिमी. देवाच्या चेहऱ्यावर पाऊण मिमी फार होतो.

मग जुन्या बोर्डावर हे का होत नव्हतं? मुलीने नेमकं हेच विचारलं. "काका, तुम्ही प्लस कॉमन का करत होता?"

मी नेहमी पल्स आणि दिशेचे प्लस ५ व्होल्टला एकत्र बांधायचो आणि बोर्डाच्या पिना मायनसला द्यायचो. मला तसं शिकवलं गेलं होतं आणि माझी मशीनं सरकत नसत, एवढं कारण मला पुरेसं होतं. तिने कागदावर पल्सचं चित्र काढलं. प्लस कॉमन असलं की पिन खाली गेल्यावर ऑप्टो पेटतो. म्हणजे बोर्डाचा पल्स संपतो त्या क्षणी ड्राइव्ह तो मोजतो. जीआरबीएलचा पल्स मुळात १० मायक्रोसेकंदांचा. दिशेला हवी असलेली सवड त्या दहांत आपोआप मिळत होती.

ईएसपी३२ ची पिन मात्र ३.३ व्होल्टची. प्लस ५ ला बांधला, तर पिन वर असतानाही ऑप्टोवर १.७ व्होल्ट उरतात आणि तो पुरता विझत नाही. म्हणून या वेळी मी मायनस कॉमन केलं होतं, आणि त्याबरोबर ती दहा मायक्रोसेकंदांची सवड गेली. शिवाय ३.३ व्होल्टमधून ऑप्टोला मिळणारा प्रवाहही निम्म्याच्या आसपास. ड्राइव्हच्या आतला रोध २७० ओहमचा धरला, तर ५ व्होल्टला साधारण १४ मिलीअँपिअर जातात, ३.३ ला आठही नाहीत.

माझी मशीनं सरकत नाहीत, याचं श्रेय मी माझ्या हाताला देत आलो होतो. अर्थिंग, शील्डिंग, केबली वेगळ्या नेणं यांना. ते सगळं लागतंच. पण ज्या गोष्टीने मशीन जागेवर राहत होतं, ती माझ्या बांधणीत होती आणि मला तिची ओळख नव्हती. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पहिले दोन-तीन दिवस राग आला, आणि तो त्या मुलीवर आला, हे लिहून ठेवतो.

दरम्यान त्या सुतारांना दुसऱ्या एका पॅनेलवाल्याने सांगितलं होतं, सर्व्हो लावा, प्रश्न मिटेल. त्यांनी कर्ज काढून झेडला सर्व्हो बसवला. झेड तसाच सरकत राहिला. अलार्म नाही, पडद्यावर फॉलोइंग एरर शून्य.

याच ठिकाणी मी सगळ्यांशी भांडतो. सर्व्होचा एनकोडर ड्राइव्हशी बोलतो, कंट्रोलरशी बोलत नाही. ड्राइव्हने जे ऐकलं तिथे तो मोटर चोख नेऊन ठेवतो. ऐकण्यातच चूक झाली, तर तो तितक्याच चोखपणे चुकीच्या जागी जातो. पल्स आणि दिशेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये एक फट आहे, आणि तिथे कुणीच मोजत नाही. सर्व्हो विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं. सुताराच्या कर्जाचा हप्ता त्या न सांगण्यातून आला आहे.

तरी सर्व्होने साक्ष दिली. आलेले पल्स किती, हे त्याच्या पडद्यावर पाहता येतं. मुलीने नक्षीचा प्रोग्राम हवेत चालवला, शेवटी झेड शून्यावर आणला. कंट्रोलर म्हणत होता शून्य, ड्राइव्हचा आकडा २४० च्या घरात. दोघं आपापल्या परीने खरं सांगत होते. आम्ही ३.३ चे ५ व्होल्ट करायला मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप घातली, कंट्रोलरमध्ये दिशेनंतर थांबण्याचा वेळ भरला, आणि आकडा शून्यावर आला.

पुष्कळ जण अशा वेळी स्टेपची पोलॅरिटी सेटिंगमधून उलटी करतात, सरकणं थांबतं आणि मशीन देऊन मोकळे होतात. त्याने काम होतं, कारण सवड मिळते, पण पुढच्या माणसासाठी ते कुठे लिहिलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे नॉइज आहे असं ठरवून पल्सच्या वायरीवर कपॅसिटर लावणारे. पल्सची कडा त्याने बोथट होते आणि ऐकणं आणखी बिघडतं. पूर्वी उद्यमनगरात पॅनेलसोबत हाताने काढलेलं ड्रॉइंग दाराच्या खिशात मिळायचं. आज ग्लूगनने चिकटवलेलं बोर्ड मिळतं आणि व्हिडिओची लिंक मिळते. नव्या पोरांची बुद्धी कमी नाही, आमच्याहून जास्तच आहे. पण कागद गेला, तशी कारण सांगण्याची जबाबदारीही गेली.

आता माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनवर आम्ही झेडला डायल लावून प्रोग्राम मागेपुढे पळवतो आणि काटा जिथून निघाला तिथे आला की नाही ते पाहतो. त्याला वेळ जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. ड्रॉइंगवर कुठली कडा मोजली जाते आणि दिशेला किती सवड दिली आहे, हे ती मुलगी लिहिते. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

माझ्या डोक्यात आता पुढचं मशीन आहे. त्याच सुतारांच्या झेडवर लिनिअर स्केल बसवायची आणि तिचा आकडा थेट कंट्रोलरला द्यायचा. लिनक्ससीएनसीमध्ये हे करता येतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या कामातून ते निघालं आहे आणि सांगितलेलं व झालेलं यांची तुलना त्यात मांडता येते. फट बुजेल. खर्च मीच करतो आहे. सुतारांना वाटतं हा माझा चांगुलपणा, आणि मुलीलाही तसंच वाटत असावं. खरं सांगायचं तर उद्यमनगरात असं लहान मशीन पहिल्यांदा मी बांधलं, असं लोकांनी म्हणावं अशी माझी इच्छा आहे. दाराच्या आत नावाची पट्टी लावायची, तिच्यावर दोन नावं असतील. कुठलं वर यावं, यावर माझा अजून निर्णय झालेला नाही.