मोखाड्याचे मुखवटे आणि आमची हस्तकला

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मात्र खरे द्यायचे बरे का! उद्या मुलाच्या शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन आहे, रात्रीचे साडेदहा वाजलेत, चिरंजीव गाढ झोपलेत आणि तुम्ही ओट्याशी उभ्या राहून त्याच्या आकाशकंदिलाला झिरमिळ्या चिकटवता आहात, असे तुमच्या घरी झाले आहे की नाही?

आमच्या घरी दर सणाला व्हायचे. त्यातून मी दुपारच्या वेळात शाळेत मराठी आणि हस्तकला शिकवणारी. कुठल्या वस्तूला आईचा हात लागला आहे, ते मला वर्गाच्या दारातूनच ओळखू येते. तरी गेल्या गणपतीत मी काय केले ऐका. आमच्या धाकट्याने शाडूचा गणपती केला होता. सोंड जाड, पोट एका बाजूला कललेले. मला राहवेना. तो झोपल्यावर मी पाण्याचा हात लावून सोंड नीट केली, पोट गोल केले, डोळे रेखले. सकाळी पाहते तो मूर्ती जवळजवळ नवीच! तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे दिवाळीची आवराआवर करताना त्या बक्षिसाचे प्रमाणपत्र मला त्याच्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली सापडले. “अरे, हे भिंतीला का नाही लावलंस?” म्हटले, तर मान वर न करता म्हणाला, “ते तुझं आहे.”

तेवढे तीन शब्द माझ्या मनात सलत राहिले. त्याने चित्र काढणेही सोडल्यासारखेच केले होते. “तूच काढ ना, तुझं छान येतं,” म्हणायचा.

अशात यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने आम्हाला होळीनंतर मोखाड्याला बोलावले. आम्ही नाशिकचे. त्र्यंबकेश्वर ओलांडून तोरंगण घाट उतरला की मोखाडा तालुका लागतो आणि तिथून पुढे जव्हार. नाशिक ते जव्हार सगळे मिळून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण खरे सांगू, इतक्या वर्षांत तिकडे जावे असे कधी वाटले नव्हते. जव्हार-मोखाडा ही नावे आपल्या कानावर आली ती बातम्यांतून. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हापासून ही नावे उच्चारली की आपल्याला तेवढेच आठवते. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, पण आपल्या मनातले चित्र काही बदलले नाही. तिथल्या मुलांना काय मिळत नाही, हे आपण वाचले. त्यांना काय येते, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते.

फाल्गुनातले दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला. होळी हा इथल्या वारली, कोकणा, महादेव कोळी मंडळींचा मोठा सण. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेलेली कितीतरी कुटुंबे होळीसाठी आवर्जून घरी येतात. आणि होळीनंतर उन्हाळ्याच्या दिवसांत गावोगावी बोहाडा असतो. गावागणिक तिथी वेगळी. बोहाडा म्हणजे देवदेवतांचे मुखवटे चढवून रात्रभर काढलेली सोंगे.

आमच्या यजमानीणबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला जव्हारच्या वाटेवरच्या एका पाड्यावर नेले. तिथे एक म्हातारे बाबा मुखवटे करतात. पूर्वी मुखवटे लाकडातून कोरत, पण ते वजनाला जड, म्हणून आता पुष्कळदा कागदाच्या लगद्याचे करतात. अंगणात साच्यांवर मुखवटे वाळत घातले होते. गणपती, मारुती, दहा तोंडांचा रावण, आणि अजून रंग न चढलेली एक राक्षसी. मला देवीचा मुखवटा फार आवडला. दिवाणखान्यात लावायला मागितला, तर बाबा हसून म्हणाले, “भिंतीचा हवा तर दुसरा देईन, बाई. हा जत्रेतला आहे. याची पूजा व्हायची.”

बाबांची नातवंडे भोवतीच बसून चिखलाचे बैल करत होती. धाकटा त्यांच्यात कधी जाऊन बसला, कळले नाही. थोड्या वेळाने बाबांनीच त्याला एका लहान मातीच्या साच्यापुढे बसवले आणि कागदाचे तुकडे नि खळ पुढे केली. “काय करणार?” “वाघ.” “कर. वाघ आमचा देवच आहे, वाघबारशीला पुजतो त्याला.” झाले! तासभर पोरगा मान खाली घालून तुकडे चिकटवत होता. एक गाल फुगला, दुसरा बसला. माझे हात शिवशिवत होते. पण परक्याच्या अंगणात बोलणार कशी?

तो वाळेपर्यंत दुसऱ्या दिवशी आम्ही जव्हार पाहिले. गाव डोंगरमाथ्यावर, हवा मोकळी. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण त्यांचा जयविलास राजवाडा टेकडीवर अजून डौलात उभा आहे. शिरपामाळही पाहिला. सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांच्या शिरावर मानाचा तुरा खोवला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या आमच्या मुलांना तिथून हलवता हलवेना.

त्या रात्री बोहाडा पाहिला. संबळ कडाडू लागला, सनईसारखा सूर निघाला, आणि मशालींच्या उजेडात आधी गणपती आला, मग सरस्वती. सोंग नाचत चार पावले पुढे येई, पुन्हा मागे जाई. बायाबापड्या पुढे होऊन ओवाळत, पोराला पायावर घालत. अमक्या घराने अमके सोंग घ्यायचे, असा पिढ्यांचा मान असतो. दुपारी ज्याने आम्हाला चहा दिला होता तो तरुण आता देव झाला होता, आणि त्याची म्हातारी आईसुद्धा त्याला हात जोडत होती. शेवटी देवी आणि महिषासुराची झुंज झाली तेव्हा तांबडे फुटायला आले होते. मांडीवरचा धाकटा टक्क जागा होता. म्हणाला, “आई, त्याला आतून दिसत असेल का गं?”

तिसऱ्या दिवशी निघताना वाघ घ्यायला गेलो. उन्हात वाळून तो खडखडीत झाला होता. आता डोळ्यांची भोके पाडायची. धाकट्याने कोळशाने खुणा केल्या, एक वर नि एक खाली! मी पटकन पुढे होऊन कोळसा घेतला आणि खूण पुसायला लागले. बाबांनी मला थांबवले. चढ्या आवाजात नाही हो, अगदी सहज म्हणाले, “राहू दे, बाई. तोंड त्याचं आहे. कुठून दिसतं ते त्यालाच ठावं.”

मग त्यांनी मुखवटा पोराच्या तोंडाला लावला. “दिसतो का मी?” “एका डोळ्याने दिसता.” “मग दुसरी खूण कुठं पाहिजे?” धाकट्याने मुखवट्याच्या आत बोट घालून चाचपले आणि स्वतःच दुसरी खूण बोटभर सरकवली. बाबांनी सुरीने तेवढीच जागा कापली. डोळे अजूनही वरखालीच राहिले, पण पोराला दोन्ही डोळ्यांनी दिसत होते!

बायांनो, मी त्या अंगणात ओशाळून उभी होते. मुखवटा बाहेरून कसा दिसतो एवढेच मी पाहत होते. ज्याला तो घालून रात्रभर नाचायचे, त्याला आतून काय दिसते, हे बाबा पाहत होते. त्यांच्या कामाची ती गरजच. पण आपल्या मुलाच्या हातच्या वस्तूकडे पाहतानाही ते लागू पडते, हे मला ऐंशी किलोमीटर दूर जाऊन कळावे ना!

आता कृती सांगते. घरी सहज जमते, शिवाय खर्च जवळजवळ नाही.

चार-पाच जुन्या वर्तमानपत्रांचे कपटे करून रात्रभर भिजत घाला. अर्धी वाटी मैद्याची किंवा कणकेची पातळ खळ शिजवा. चिंचोक्याची खळ मिळाली तर फारच उत्तम. तीत चमचाभर मेथीची पूड घाला, म्हणजे चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. साच्याला पसरट वाडगा पालथा घाला, त्याला तेलाचा हात लावा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे मुखवटा सुटून येतो. त्यावर खळ लावून पाच-सहा थर द्यावेत. नाक, कान, भुवया यांसाठी कागद पिळून, कुटून, खळीत मळून लगदा करावा. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग खडूची पूड डिंकात कालवून पांढरा हात द्या आणि तो वाळला की रंग. श्रावणात नाग, पोळ्याला बैल, वाघबारशीला वाघ, दसऱ्याला रावण, काय हवे ते करता येते.

कापायचे काम तेवढे आपण करावे, कारण सुरीला धार असते. पण कुठे कापायचे ते मुलाला मुखवटा लावून पाहून ठरवू द्या. बाकी वेळ आपण सरळ आत जाऊन भाजी निवडावी.

शाळेतही मी आता हस्तकला वर्गातच करून घेते, वस्तू घरी न्यायच्या नाहीत. पहिल्या प्रदर्शनात सगळे वाकडेतिकडेच मांडले गेले. एक पालकबाई म्हणाल्या, “यंदा जरा साधंच झालं नाही?” मी म्हटले, “हो, यंदा मुलांनीच केलंय.” त्यांनी पुढे काही विचारले नाही, पण मुलाचा बैल मात्र दोनदा हातात घेऊन पाहिला.

आमचा वाघ दिवाणखान्यात आहे, देवीच्या मुखवट्यासाठी जी जागा योजली होती तिथेच. आल्यागेल्याला धाकटा स्वतःहून दाखवतो. त्याचे डोळे सारखे करावेत असे धूळ झटकताना मला अजूनही वाटते, नाही कशाला म्हणू? पण मी फडके घेऊन पुढे जाते. आणि परवा त्याने आपण होऊन रंगांची पेटी काढून मागितली.