शॉकअपचा बोल्ट

२८ जानेवारी, तासगाव

मणेराजुरीहून परतताना प्रत्येक गतिरोधकावर मागून डाव्या बाजूला ठण्ण असा आवाज. गाडी कडेला घेऊन वाकून पाहिलं. शॉकअप खालच्या बोल्टावर लोंबतोय, वरचा बोल्ट चासीच्या ब्रॅकेटशी सपाट तुटलाय. तुकडा शॉकअपच्या कडीत अडकून राहिला हे चांगलं झालं. ब्रेकच्या पाइपला आणि चाकाला लागू नये म्हणून शॉकअप तारेनं वर बांधला आणि सावकाश घरी आणली.

उद्याचा माल दुसऱ्या गाडीला दिला. शॉकअपविना गाडी चालते, कारण वजन पाटे पेलतात. पण पाट्यांची उसळी आवरायला कुणी उरत नाही. खड्ड्यानंतर चाक रस्ता सोडत राहतं, ब्रेक नीट धरत नाही, टायर ठिकठिकाणी खपतो. आणि पेटीतल्या द्राक्षांचे मणी देठापासून सुटतात. बाजारात भाव घडाला असतो, सुट्या मण्यांना नाही. माणसानं वर्षभर राबून पिकवलेला माल अशा गाडीत घालणं बरोबर नाही.

२९ जानेवारी

तुकडा मी भंगाराच्या डब्याकडे नेत होतो. गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी हात धरला. “अण्णा, टाकू नगा. आधी त्याचं तोंड बघा की.”

उजेडात धरलं. निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत, त्यावर ओहोटीनं वाळूत सोडाव्यात तशा बारीक वाकड्या रेघा. उरलेला भाग ताजा, खरखरीत, चकाकणारा. म्हणजे तडा जुना होता. पहिल्या आट्याच्या मुळाशी तो सुरू झाला, रोज थोडा आत सरकला, आणि शिल्लक धातूला भार सोसेना तेव्हा काल तुटला. ब्रॅकेटवरही खूण होती. शॉकअपच्या कडीतल्या रबरी बुशची आतली लोखंडी नळी जिथे टेकते, तिथे घासून आरसा झालेला.

मिस्त्रींचं म्हणणं एका वाक्यात मावतं: “बोल्ट तुटला ते शेवटी. आधी त्यो सैल झाला.” आवळलेला बोल्ट नळीला ब्रॅकेटवर दाबून धरतो. दाब पुरेसा असला की दोघांमधलं घर्षणच धक्का झेलतं, बोल्टाला वाकावं लागत नाही. दाब गेला की नळी हलते आणि प्रत्येक खड्ड्याला बोल्ट वाकतो. एका घावानं न तुटणारं पोलाद हलक्या पण पुन:पुन्हा येणाऱ्या भारानं तुटतं, हे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. तोच नियम आमच्या गाडीखाली चालला.

संध्याकाळी ब्रॅकेटमध्ये अडकलेल्या दुसऱ्या तुकड्यावर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं.

३० जानेवारी

आजचा दिवस ब्रॅकेटमधला तुकडा काढण्यात गेला. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, चासीखाली घोडे. नुसत्या जॅकच्या भरवशावर मिस्त्री गाडीखाली जात नाहीत आणि हाताखालच्या पोरालाही जाऊ देत नाहीत.

बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. शॉकअप पूर्ण काढून बाजूला ठेवला. आत तेल असतं, त्याला आच लागता कामा नये. ब्रेकच्या पाइपवर ओलं पोतं, शेजारी पाण्याची बादली. वेल्डिंगची अर्थची वायर ब्रॅकेटलाच लावली. मग तुकड्याच्या मधोमध थोडा धातू चढवून त्यावर नट ठेवला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. याचं काम दुहेरी असतं: पान्याला धरायला जागा मिळते आणि आचेनं गंजाची पकड सुटते. नट निखळून आला तेव्हा मिस्त्री चिडले नाहीत. घासून साफ केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. नंतर थोडं पुढे, थोडं मागे, वर तेल, असं करत तुकडा किरकिरत बाहेर आला.

तो आला नसता तर ड्रिल होतंच. बरोब्बर मध्यावर पंच, आधी बारीक भोक, मग टप्प्याटप्प्यानं मोठं. १२ मिलिमीटरच्या १.७५ आट्यांसाठी १०.२ च्या पुढे जायचं नाही, नाहीतर ब्रॅकेटचे आटे जातात. आमचे वाचले. टॅप तेलात बुडवून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवला, तेव्हा गंजाचा चुरा निघाला.

३१ जानेवारी

नवा बोल्ट घेताना डोक्यावरचे आकडे पाहिले: ८.८. पहिल्या आकड्याला शंभरनं गुणायचं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनची ताकद. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, तो कायमचा ताणला जाऊ लागतो. डोकं कोरं असलेला स्वस्त बोल्ट इथे चालणार नाही.

बुश दोन्ही बाजूंचे नवे घातले. उजवीकडच्या बोल्टानंही तेवढेच रस्ते पाहिलेत, म्हणून तोही बदलला. ब्रॅकेटचं तोंड साफ केलं, आट्यांना लॉकचं निळं द्रावण लावलं. बोल्ट आधी हातानं बसवले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. लोंबत्या चाकावर आवळलं तर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्कचा पाना ८० न्यूटन-मीटरला टिकटिकला. बोल्ट फिरला तर कळावं म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.

७ फेब्रुवारी

वाशीचं भाडं करून आलो. घाटात गाडी शांत, माल जसाच्या तसा उतरला. आल्याबरोबर खाली जाऊन दोन्ही रेघा पाहिल्या: सरळ आहेत. पाना लावला, बोल्ट हलले नाहीत.

ड्रायव्हरला आजपासून नेम घालून दिला: दर भाड्याआधी हवा आणि तेल पाहतोस, तशा या रेघाही पाहायच्या. सैल बोल्ट वेळेत सापडला तर पान्याच्या एका फेऱ्यावर भागतं. जुन्या गाडीचं आयुष्य अशा वेळेवरच्या फेऱ्यांनी वाढतं, आणि ते वाढवणारे हात आमच्या तालुक्यात आहेत, याचा मला अभिमान वाटतो.