कवेलूचं घर आणि मागच्या खोलीची चौकट



गेलं वर्षभर मंदिरात भेटणारी प्रत्येक जण मला दोनच प्रश्न विचारते. "घर पाडलं नाही, मग एवढं बदललं कसं?" आणि "खर्च किती आला?" दुसऱ्याचं उत्तर बी.कॉम. झालेल्या बाईला सोपं आहे : ४ लाख, एक रुपया जास्त नाही. पहिल्याचं उत्तर लांब आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मंदिराच्या पायरीवर उभ्या उभ्या मला कोणाला सांगता आली नाही.

आमचं अमरावतीचं घर परकोटाच्या आत, अंबागेटकडचं. समोर ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, एक मागची खोली, परसदारी विहीर. सगळं मिळून सातशे चौरस फूट असेल नसेल. भिंती मातीच्या, वर कवेलू. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाई दर वैशाखात माणसं लावून कवेलू फेरून घ्यायच्या. पुढे ते बंद पडलं, छप्पर गळायला लागलं, आणि आम्ही गळक्या जागी बादली ठेवायला शिकलो.

एका ठेकेदाराने येऊन पाहिलं आणि म्हणाला, पाडा, स्लॅब टाका, चौदा-पंधरा लाखांत होऊन जाईल. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, मी कर्ज काढतो." हे नेहमीप्रमाणे पेपर वाचत राहिले. माझी अडचण वेगळी होती. काही वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची मर्यादा सांगताना क्षेत्र आणि वास्तू ह्या दोन गोष्टी अगदी पहिल्या येतात, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली : नवी जागा घ्यायची नाही, आणि राहत्या घराला लागलं तर ४ लाखांच्या वर लावायचे नाहीत. तो आकडा वहीत लिहिताना वाटलं होतं, पुष्कळ झाले. सिमेंटचा भाव विचारल्यावर कळलं की व्रत घेताना मी बाजारात गेलेच नव्हते.

सूनबाई फोनवर चित्रं दाखवायची. इंग्लंडमधली छोटी घरं, उतरतं छप्पर, पांढऱ्या भिंती, उघडी लाकडं, फुलाफुलांचे पडदे. म्हणे, "आई, ह्याला कॉटेज स्टाईल म्हणतात." मी म्हटलं, "अगं, हे तर आपलंच घर आहे. त्यांनी पुसून ठेवलंय एवढंच."

पण ते बोलणं डोक्यात राहिलं. सेवाग्रामची बापू कुटी तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. माती, बांबू, कवेलू, दुसरं काही नाही. गावात मिळेल तेच सामान वापरायचं आणि शंभर रुपयांच्या वर खर्च जाऊ द्यायचा नाही अशी गांधीजींची अट होती, असं तिथे सांगतात. पुढे केरळात राहून हजारो घरं बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) हे मूळचे इंग्रज. पाच मैलांच्या आत मिळेल त्यातून घर बांधावं ही गांधीजींची गोष्ट त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कवेलू ते नव्या घरात बिनदिक्कत वापरत. हे वाचलं आणि मला अकोला आठवलं.

अकोल्याला जुन्या शहरात माझं माहेर. त्याच सुमारास भावांनी ते घर पाडून इमारत बांधायला द्यायचं ठरवलं होतं. हक्कसोडपत्रावर सही करायला मला बोलावलं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क काय आहे ते मला ठाऊक होतं, हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे हेही ठाऊक होतं, आणि माझ्या वाट्याची किंमत मी बसमध्ये बसल्या बसल्या मनात काढली होती. तरी सही केली. माझी मुलगी अजून त्यावरून माझ्याशी भांडते, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. सही करून मी भावाला म्हटलं, "पैसे नकोत. घर उतरवाल तेव्हा लाकूड आणि कवेलू मला द्या." वहिनी म्हणाल्या, "ताई, भंगारात तरी काय येणार आहे त्याचं, न्या." तर असं ते भंगार : सागवानी दोन दारं, देवघराची चौकट, सात म्याली, पाळण्याच्या पितळी कड्या, आणि मंगलोरी कवेलू सहाशेच्या वर. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये ह्या कवेलूंचा कारखाना काढला. तिथून हा नमुना आगगाडीने सगळीकडे गेला, आपल्याकडे लोक अजून त्याला इंग्रजी कवेलूच म्हणतात.

दोन खेपांत छोटा हत्ती भरून सगळं आणलं. भाडं साडेपाच हजार. जून २०२२ मध्ये ज्या रस्त्याचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम केला, तोच हा अकोला-अमरावती रस्ता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि बडनेरा येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

आता कामाचं सांगते, म्हणजे कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त पैसे छपराला लागले, १ लाख ३८ हजार ५००, कवेलू फुकट असूनसुद्धा. रिपा नव्या घेतल्या, खराब वासे बदलले, आणि कवेलूखाली बुरूडाकडच्या बांबूच्या ताट्या टाकल्या. ताटी आणि कवेलू यांच्या मधून हवा खेळती राहते, त्यामुळे मे महिन्यातही घर शेजारच्या स्लॅबसारखं रात्री बारापर्यंत तापलेलं राहत नाही. स्वयंपाकघरावर चार काचेची कवेलू बसवली. आपल्याला सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं आणि हिवाळ्यात पाच वाजताच आमच्या ओट्यावर अंधार व्हायचा. आता ताटातला दाणा न् दाणा दिसतो. उन्हाळ्यात मात्र त्यावरून कापड ओढावं लागतं, हे आधी कोणी सांगत नाही.

भिंतींची चूक आमचीच होती. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, मजबुतीसाठी. माती ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि वर चढते. ते सगळं प्लास्टर खरवडून माती-चुन्याचा गिलावा केला, वर चुन्याचे तीन हात. इथे एक गोष्ट नक्की विचारा, मैत्रिणींनो. चुना हाताला लागू नये म्हणून रंगारी त्यात सरस घालतात. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा. आम्ही डिंक घातला. रंगाचे ब्रशही पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. रंगाऱ्याला घायपाताचा कुंचा आणून दिला तर तो हसला, पण चुना त्या कुंच्यानेच चांगला बसतो हे त्यानेच नंतर कबूल केलं.

विहीर बुजवा, तेवढीच जागा वाढेल, असंही सांगून झालं. मी ऐकलं नाही. नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, पण महाराजांच्या आहाराचा चौका लावायचा तर विहिरीचंच पाणी लागतं, आणि गाळून उरलेली जिवाणी परत सोडायला विहीर नको का? गाळ काढून कठडा बांधला. सूनबाईला वाटतं तो फोटोसाठी बांधला.

आता मागच्या खोलीचं.

मार्च संपत आला होता. मिस्त्रीने दाराच्या चौकटीवर हातोडी मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज आला. "काकू, हे पाहा, नुसता पापुद्रा राह्यला. आत सारं उधईनं खाल्लं." चौकटीला लागून भिंतीतलं कपाट. त्यात सासूबाईंच्या वह्या होत्या, भक्तामर, आलोचना पाठ, बारा भावना, सगळं त्यांच्या हातचं. उघडलं तर वरच्या दोन वह्या बऱ्या होत्या, खालच्या सात-आठ मातीत मिळालेल्या. सासूबाई दर चैत्रात त्या उन्हात टाकायच्या आणि कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवायच्या. त्या गेल्यापासून मी एकदाही ते केलं नव्हतं. कपाटाच्या पाठीमागे न्हाणीघराचा नळ. तो दोन वर्षं थेंब थेंब गळत होता. करू, बघू, म्हणत राहिलो. ओलीशिवाय उधई येत नाही. तिला मीच बोलावलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "औषध सोडतो, काकू. भोकं पाडून आत टाकलं का एका दिवसात साफ."

साफ. हा शब्द माझ्या घशात अडकला. उधई म्हणजे तीन इंद्रियांचा जीव, पाठशाळेतल्या पोरालाही माहीत असतं. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची; आरंभी, उद्योगी, विरोधी ह्या तीन पूर्ण सुटत नाहीत, कमी करायच्या. घर दुरुस्त करताना नकळत जीव जातात ती आरंभी. पण बाटली विकत आणायची, भोक पाडायचं, ह्यांना मारायचंच म्हणून आत ओतायचं, ही कोणती? काही जणी म्हणाल्या, विरोधी, घरावर चालून आली ना. मला ते पटेना. ती घरावर चालून आली नव्हती, ओल होती तिथे आली होती.

शहरात माताजी होत्या. जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, आरंभाच्या कामात आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मग थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "नळ दुरुस्त केला का?"

केला नव्हता. घरी आल्यावर आधी तो करून घेतला.

औषध नाही आणलं. अख्खी चौकट, कपाटाच्या फळ्या, खालची ओली माती, सगळं अलगद काढून टेम्पोत घातलं आणि वलगावच्या बाजूला ओळखीच्या शेतात बाभळीखाली नेऊन ठेवलं. मिस्त्रीला जाळायला दिलं नाही. त्या जागी अकोल्याची देवघराची चौकट बसवली. तिचे पाय जमिनीत न गाडता काळ्या दगडाच्या ठोकळ्यांवर ठेवले, आणि लाकडाला बिब्ब्याचं तेल दिलं, उधई फिरकू नये म्हणून. बिबा उतू नये म्हणून सुताराने आधी हातांना खोबरेल चोपडलं होतं, तरी मनगटावर फोड आलेच.

संध्याकाळी जेवताना मी जरा समाधानात होते. सूनबाईने साधेपणाने विचारलं, "आई, त्या उधईला ऊन सोसतं का?"

नाही सोसत. ओल आणि अंधार नसला की ती जगत नाही, हे मला माहीत होतं, आणि टेम्पो भरताना पारा चाळिशीला टेकला होता. मी फक्त नोंद एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकली होती, बेरीज तीच. सूनबाई उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, "वरण घे अजून." दुसऱ्या दिवशी उपवास केला, पण तो कशासाठी हे घरात कोणाला सांगितलं नाही.

अक्षय तृतीयेला घरात पुन्हा पाय ठेवला. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याचा दिवस, म्हणून उसाचा रस केला आणि आल्या-गेल्याला दिला. तोवर ३ लाख ९२ हजार संपले होते. सजावटीला उरले आठ हजार, आणि खरं सांगू, सगळ्यात मजा त्या आठ हजारांत आली. माझ्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे पडदे; रेशीम नकोच होतं, ते किडे उकळून काढतात. गाद्या फोडून कापूस पिंजून घेतला. अकोल्याचं एक दार आडवं टाकून खाली विटांचे पाय दिले, ओसरीतला दिवाण झाला. पितळी गंगाळात तुळस लावली. पाळण्याच्या कड्या माजघरातल्या म्यालीला अडकवल्या. त्यांना अजून काही टांगलेलं नाही. भाऊ आला होता, त्या दिवाणावर बसला, हाताने दाराच्या खिळ्यांवरून फिरवत राहिला आणि चहा न घेता गेला.

सासूबाईंच्या ज्या दोन वह्या वाचल्या त्यांतल्या एकीवरून मी रोज दुपारी नक्कल उतरवते आहे. अक्षर त्यांच्यासारखं येत नाही.

आणि ह्या पावसाळ्यात मागच्या खोलीत, नव्या चौकटीपासून हातभर लांब, भिंतीवर मातीची बोटभर रेघ पुन्हा दिसली. नळ कोरडा आहे, तपासला. रेघ मोरपिसाच्या कुंचलीने हलकेच झाडली, पाला ठेवला. चार दिवसांनी ती परत तिथेच होती. मिस्त्रीचा नंबर काढून ठेवला आहे. अजून फोन केलेला नाही.