लाल दिवा लागला म्हणजे काय समजायचं?



आज तुम्हाला साधारण काडेपेटीएवढ्या एका बोर्डाची आणि माझ्या एका चुकीची गोष्ट सांगायची आहे. बोर्ड ईएसपी-३२ चा. विज्ञान प्रदर्शनासाठी हल्ली आपली आठवी-नववीची मुलं वापरतात, तोच. त्याच्या एका टोकाला पत्र्याचं चौकोनी झाकण असलेलं छोटं मॉड्यूल असतं. वाय-फाय, ब्लूटूथ सगळं त्यातच. मग बाकीचा बोर्ड कशासाठी? तर त्या मॉड्यूलला वीज देता यावी आणि त्याच्याशी आपल्याला बोलता यावं म्हणून. त्यासाठी त्यावर एक यूएसबीची खाच, दोन बाजूंना पिनांच्या रांगा, दोन इवलीशी बटणं आणि एखाद-दोन दिवे असतात.

आमच्या आठवीतल्या एका मुलीला मी हा बोर्ड घरी नेऊ दिला होता. कुंडीतली माती सुकली की मोबाइलवर कळावं, असा तिचा प्रकल्प होता. तीन दिवसांनी ती आली. "बाई, प्रोग्राम चढतच नाहीये."

तिनं आणलेल्या केबलनेच मी बोर्ड संगणकाला जोडला. लाल दिवा लागला. पण संगणकावरच्या पोर्टच्या यादीत बोर्ड काही दिसेना. मी पटकन बोलून गेले, "जाळलास वाटतं. कुठल्या तरी पिनला पाच व्होल्ट लावले असशील." सगळ्या वर्गासमोर. ती एवढंच म्हणाली, "पण बाई, दिवा लागतोय ना?" मी म्हटलं, "नुसता दिवा लागून काय उपयोग?"

शाळा सुटताना तिची आई फाटकापाशी उभी होती. "बाई, बोर्डाचे किती पैसे भरायचे? या महिन्यात अर्धे दिले तर चालतील का?"

मी "उद्या सांगते" म्हणून आत आले. मन काही लागेना. बोर्ड पुन्हा काढला आणि या वेळी कपाटातली दुसरी केबल लावली. पोर्ट लगेच दिसलं. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चढला. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं असं. यूएसबीच्या पूर्ण केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा असतात आणि माहितीची ने-आण करणाऱ्या आणखी दोन. काही स्वस्त चार्जिंगच्या केबलमध्ये या माहितीच्या तारा नसतातच. बाहेरून दोन्ही केबली अगदी सारख्या. मुलीनं घरातली मोबाइल चार्ज करायची केबल वापरली होती. वीज पोचत होती म्हणून लाल दिवा लागत होता, माहिती पोचत नव्हती म्हणून संगणकाला बोर्ड दिसत नव्हता. लाल दिवा खोटं बोलत नव्हता. "वीज आली" एवढंच तो सांगत होता. त्यावरून ती समजली की सगळं ठीक आहे आणि मी समजले की बोर्ड जळाला. दोघींनीही दिवा न सांगितलेलं ऐकलं. तिचं वय तेराचं. मी मात्र तपासायला हवं होतं.

पिनांबद्दलची माझी शंका तशी निराधार नव्हती. या मॉड्यूलच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना थेट पाच व्होल्ट दिले तर चिप बिघडू शकते. यूएसबीतून येणारे पाच व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर कमी करून मॉड्यूलला देतो. म्हणून बोर्डाला वीज देण्याचा मार्ग एका वेळी एकच ठेवायचा, यूएसबी किंवा पिना. पण शंका येणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं.

आता बटणांकडे या. एकावर 'ईएन' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'बूट'. ईएन दाबलं की चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुष्कळ मुलं या बटणाला हात लावायला घाबरतात, कारण 'आपला प्रोग्राम पुसला जाईल' असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. प्रोग्राम फ्लॅश मेमरीत असतो, तो तिथेच राहतो. बूट बटणाचं काम वेगळं. ते दाबून ठेवून चिप सुरू केली, तर ती जुना प्रोग्राम चालवत नाही, नवा घ्यायला तयार होऊन थांबते. अपलोड करताना पडद्यावर 'कनेक्टिंग' आणि त्यापुढे नुसते ठिपकेच येत राहिले, तर बूट दाबून धरायचं आणि टक्के दिसू लागले की सोडायचं. बहुतेक वेळा काम होतं.

बाजारातल्या बऱ्याच तीस पिनांच्या बोर्डांवर एक निळा दिवाही असतो, दोन क्रमांकाच्या पिनला जोडलेला. तो आपल्या प्रोग्रामच्या हुकमात असतो. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद, एवढा चार ओळींचा प्रोग्राम चढवून बघा. निळा दिवा लुकलुकला म्हणजे केबल, पोर्ट, चिप आणि प्रोग्राम, ही सगळी साखळी ठीक आहे. लाल दिव्यापेक्षा ही साक्ष कितीतरी मोठी. सगळ्याच बोर्डांवर तो नसतो, तेव्हा आधी आपल्या बोर्डाचा नकाशा पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, सगळ्यांसमोर मी सांगितलं, "काल मी चुकले. बोर्ड चांगला आहे, केबल चार्जिंगची होती. मी न तपासता बोलले." आईला फोन करून पैशांचं मनातून काढून टाकायला सांगितलं. मुलगी दोन दिवस जरा गप्पच होती. मग एका दुपारी येऊन म्हणाली, "बाई, शाळेतल्या सगळ्या केबली तपासू का?" तिनं अकरा केबली तपासल्या. त्यातल्या चार नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. त्यांना तिनं लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.

आता आमच्या प्रयोगशाळेच्या फळ्यावर कायमचा क्रम लिहिलेला आहे: दिवा लागला का? पोर्ट दिसतंय का? केबल बदलून पाहिली का? बूट दाबून पाहिलं का? निळा दिवा लुकलुकतो का? या पाचही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत 'जळाला' हा शब्द वर्गात कुणी उच्चारायचा नाही. बाईंनीसुद्धा नाही.

पालकहो, तुमचं मूल असा बोर्ड घरी घेऊन आलं, तर त्याला माहिती नेणारी एक चांगली केबल जरूर द्या. आणि "बिघडवलंस ना?" असं विचारण्याआधी "कुठला दिवा लागतोय, दाखव बरं" असं विचारून बघा.