पाटी काढली म्हणून खोली रिकामी होत नाही

पुणे

चि. ओंकार,


तुझा निरोप सकाळी वाचला. तिकडे रात्र असणार, म्हणून फोन न करता लिहायला बसले. बॅकअपची डिस्क काढायला गेलास आणि ‘टार्गेट इज बिझी’ म्हणत मशीननं नकार दिला. ‘आत्या, आता सरळ केबलच उपटतो,’ असं तू लिहिलं आहेस. तेवढं मात्र करू नकोस. लिहायचा मजकूर लिनक्स आधी मेमरीत साठवतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. यूमाउंट केलं की राहिलेलं सगळं उतरवूनच ते डिस्क सोडतं. केबल उपटलीस तर उतरायचं राहिलेलं गेलंच म्हणून समज.

मी कॉलेजच्या संगणक विभागात होते तेव्हाची गोष्ट सांगते. प्रवेशाचे दिवस होते, खिडकीबाहेर पालकांची रांग. भर दुपारी सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली आणि अर्ज घेणं थांबलं. शोधलं तर एका प्रोग्रॅमची लॉग फाइल वाढत वाढत सगळी जागा खाऊन बसली होती. मी आरएम करून ती उडवली. डीएफ बघितलं, तर अजूनही शंभर टक्के! डीयू मात्र सांगत होतं की भरपूर जागा मोकळी असायला हवी. एकाच डिस्कबद्दल दोन कमांडची दोन उत्तरं. डिस्कच बिघडली असं वाटून मी घाबरले आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. जागा सुटली, पण त्या क्षणी नोंदवले जात असलेले काही अर्ज गेले. त्या मुलांना पुन्हा बोलवावं लागलं. एक बाई लांबच्या गावाहून एसटीनं दुसऱ्यांदा आल्या. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

झालं काय होतं, ते मला नंतर कळलं. युनिक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. आपल्या जुन्या वाड्यांत दारावर पाटी असते आणि आत बिऱ्हाड, तसं. फोल्डरमध्ये असते ती पाटी. मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, मालक कोण, याची नोंद आयनोडमध्ये असते. आरएम फक्त पाटी काढतं. म्हणूनच त्यामागच्या सिस्टिम कॉलचं नाव ‘डिलीट’ नाही, ‘अनलिंक’ आहे. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासून ते तसंच आहे. शेवटची पाटी उतरली आणि फाइल उघडून बसलेला शेवटचा प्रोसेसही उठला, तरच खोली रिकामी होते. डीयू पाट्या वाचत फिरतं, म्हणून त्याला ती फाइल दिसेना. डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारतं, म्हणून त्याला ती जागा अडलेलीच दिसत होती. दोघंही खरं बोलत होते. आत कोण आहे, हे मीच विचारलं नव्हतं.

हे विचारायचं साधन म्हणजे एलएसओएफ, अर्थात ‘लिस्ट ओपन फाइल्स’. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संगणक केंद्रातल्या व्हिक एबेल यांनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. विद्यापीठाचं संगणक केंद्र सांभाळणाऱ्या माणसालाच ही गरज कळणार, असं मला नेहमी वाटतं. ‘एलएसओएफ प्लस एल वन’ दिलं की पाटी नसलेल्या पण उघड्या फाइल्स समोर येतात. त्या दिवशी मी एवढंच केलं असतं, तर तो एक प्रोग्रॅम रीस्टार्ट करून भागलं असतं. चुकून उडवलेली फाइल प्रोसेसच्या हातात असेल, तर ‘प्रॉक’मधल्या त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमधून तिची कॉपीही करता येते. मात्र तो प्रोसेस जिवंत असेपर्यंतच. मशीन बंद केलं की तीही वाट बंद.

आता तुझ्या डिस्कचं. तिथेही आत कोण आहे ते बघायला फ्यूजर ही कमांड वापर. सुडो लावून, ‘डॅश व्हीएम’ आणि पुढे माउंट पॉइंट. सुडो नसेल तर दुसऱ्यांचे प्रोसेस नीट दिसत नाहीत, आणि लॅबचं मशीन तर सगळ्यांचं. पहिल्या ओळीत ‘कर्नल माउंट’ दिसेल, ती माउंटचीच नोंद, तिची काळजी नको. खालच्या ओळींत युजर, पीआयडी, ॲक्सेस आणि कमांड असे रकाने येतील. ॲक्सेसमधलं अक्षर नीट बघ. ‘एफ’ म्हणजे फाइल उघडी आहे, ‘ई’ म्हणजे त्या डिस्कवरचाच प्रोग्रॅम चालू आहे, आणि ‘सी’ म्हणजे कुणीतरी त्या फोल्डरमध्ये नुसतं उभं आहे. बहुतेक वेळा ‘सी’च निघतं, आणि समोर ‘बॅश’. म्हणजे एखादा टर्मिनल सीडी करून तिथे गेला आणि तसाच राहिला.

फ्यूजरला ‘डॅश के’ मात्र घाईनं जोडू नकोस. ते सिग्नल ९ पाठवतं, प्रोसेसला आवरायलाही वेळ देत नाही. त्यातून डिस्क आधीच सुटलेली असेल आणि तो नुसता रिकामा फोल्डर उरला असेल, तर ‘एम’ ज्या फाइलसिस्टिमवर तो फोल्डर आहे ती सगळीच धरतं, आणि अख्खं मशीन कोसळू शकतं. मोठा ‘एम’ जोडलास तर माउंट पॉइंट नसताना ते काहीच करत नाही. ज्याचा प्रोसेस आहे त्याला आधी विचार. नाइलाजच झाला तर साधा किल दे, तो सिग्नल १५ पाठवतो. कुणी ‘यूमाउंट डॅश एल’ सुचवेल. त्यानंही पाटीच निघते, आतलं बिऱ्हाड तसंच राहतं. त्या भरवशावर डिस्क काढू नकोस.

आता तुझे सगळे टर्मिनल एकदा बघ. एखादा त्या डिस्कवर उभा असेल, तर सीडी करून बाहेर ये आणि मग यूमाउंट कर. दुसऱ्या कुणाचा प्रोसेस निघाला, तर सकाळी तो लॅबमध्ये येईपर्यंत थांब. त्याचंही काही अर्धवट लिहून व्हायचं असेल.

तुझी,
आत्या