सासूबाईंची चाल



आमच्या सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोक त्यांना मुखोद्गत आहेत. त्या ज्या चालीत म्हणतात, ती चाल मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेली नाही. त्यांना ती त्यांच्या आजीकडून मिळाली. दोन वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला आणि मला काळजी वाटली, ही चाल आता कोण म्हणणार?

आपण मिरजकर. आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. ते १९३७ साली गेले, तरी त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो, कारण त्यांच्या तबकड्या निघाल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या फोनमध्ये तासन्‌तास मावतात, आणि आपण त्यात गुड मॉर्निंगची चित्रं साठवतो!

नातीने लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घालून दिलं. बाकीचं करत करत शिकले. दिवाणखान्यात फरशी आणि मोकळ्या भिंती, म्हणून आवाज घुमतो. त्यापेक्षा झोपायची खोली बरी. साड्यांचं कपाट उघडं ठेवायचं, समोर गोधडी टांगायची. पंखा बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून एक वीत दूर आणि जरा तिरका धरायचा, म्हणजे प, फ, भ म्हणताना फुंकर थेट त्यावर बसत नाही. (भक्तामर तर 'भ'नेच सुरू होतं!) आवाजाची पट्टी लाल रेघेला टेकू द्यायची नाही, फाटलेला आवाज नीट सांधता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या शांततेतली खोलीची घरघर सॉफ्टवेअर ओळखतं आणि नंतर कमी करतं.

आणखी एक, माझ्या बी.कॉम.मधलं. रोजकीर्दीत खाडाखोड करायची नसते, खतावणी वेगळी असते. तसंच मूळ वेव्ह फाइलला हात लावायचा नाही. साफसफाई तिच्या प्रतीवर करायची आणि पाठवायला एमपी थ्री काढायची.

हे सगळं जमलं, पण सासूबाई तयार होईनात. म्हणाल्या, "शब्द म्हणजे पुद्गलाचा पर्याय. उमटला, विरला. त्याला धरून ठेवायचं म्हणजे परिग्रहच की गं!"

शास्त्र त्यांचं बरोबर होतं, मी काय बोलणार? एवढंच विचारलं, "आई, पुण्याच्या नातसुनेला ही चाल कोण शिकवणार?"

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शिकायला असेल तर कर. वाहवा करायला कुणाला पाठवू नकोस."

रोज सामायिक झाल्यावर आठ श्लोक, असे सहा दिवस लागले. एकतिसाव्या श्लोकाला त्यांना दम लागला, मध्येच थांबल्या. नात म्हणाली, "आजी, ही जागा कापते. सूरही सरळ करता येतो." मी तिला थांबवलं. श्वास कुठे घ्यायचा हे शिकणारीला कळायला नको का? आणि त्या जिथे सूर किंचित उतरवतात, ती चूक नाही, तीच तर चाल आहे. घरघर काढली, आवाज तसाच ठेवला.

आता दर गुरुवारी दुपारी पाचजणी आमच्याकडे हे शिकायला येतात. पहिल्या दिवशी प्रत्येकीचा एकच प्रश्न: "अगंबाई, माझा आवाज असा आहे?" असाच आहे! आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. आठवडाभरात सवय होते. एकीने आईच्या जात्यावरच्या ओव्या आणल्यात, एकीने सासूची आरती.

पुण्याच्या नातसुनेचे अकरा श्लोक पाठ झालेत. स्वयंपाक करताना लावते म्हणे. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बाराव्यात घाई करते का बघ. मीही करायचे."

दशलक्षण पर्वाला अजून वेळ आहे. तुमच्या घरात अशी एखादी चाल असेल, तर आज एकच श्लोक घ्या. उद्या दुसरा.